झाडांच्या जुन्या ट्यूबलाईट पट्ट्या: रिपेअर करायच्या की एलईडी? (तपकीर गल्लीतल्या एका दुकानाचा रिव्ह्यू)

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असाल तर पुढचं नाही वाचलंत तरी चालेल. घरातल्या झाडांवर चार फुटी ट्यूबलाईटच्या पट्ट्या लावलेल्या असतील आणि त्या आता कुरकुर करत असतील तर पट्टी फेकू नका, पत्रा ठेवा, आतला चोक-स्टार्टर काढायला लावा आणि साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब बसवून घ्या. दोन फुटी टी-५ ची, म्हणजे बारीक ट्यूबवाली, पट्टी असेल तर तिच्या रिपेअरवर पैसे घालू नका. आणि झाडांसाठी म्हणून विकतात तो जांभळा ग्रो लाईट कोणी फुकट देत असेल तर घ्या, पण हॉलमधे लावू नका, पाहुण्यांना घरात पार्लर उघडलंय असं वाटतं. ज्या दुकानातून मी हे सगळं करून घेतलं त्याला पाचपैकी चार. एक मार्क कुठे गेला ते खाली येईलच.

आता सविस्तर. आमचा फ्लॅट कोथरूडला पहिल्या मजल्यावर, पश्चिमेला खिडकी आहे पण समोरची बिल्डिंग इतकी जवळ की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आम्हीच मोजतो, त्यामुळे ऊन म्हणजे मार्च ते मे संध्याकाळी थोडंसं आणि बाकी वर्षभर नुसता उजेड. मला नाद आफ्रिकन व्हायोलेटचा. एम्प्रेस गार्डनला जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरतं तिथून दोन कुंड्या आणल्या होत्या, पानापासून रोपं करता येतात हे कळल्यावर त्या दोनाच्या किती झाल्या ते घरच्यांना विचारा. ही झाडं खिडकीत ठेवली की पुण्यात जून ते सप्टेंबर नुसती हिरवी बसून राहतात, देठ लांब होतात, पानं वर उचलून उजेड शोधतात आणि फूल एक नाही. म्हणून लोखंडी अँगलचा रॅक, दोन कप्पे, प्रत्येक कप्प्यावर दोन-दोन ट्यूबची ३६ वॅटवाली पट्टी, तांब्याचा चोक, साधा टायमर, असा सेटअप होता आणि बरीच वर्षं उत्तम चालला. शिवाय दिरांनी मासे पाळायचं सोडलं तेव्हा त्यांच्या टँकवरची टी-५ ची पट्टी माझ्याकडे आली, २४ वॅटच्या चार ट्यूबवाली, ती तळाच्या फर्नवर टांगली होती.

मग एका पावसाळ्यात सगळंच एकदम आजारी पडलं. वरच्या कप्प्यावर एक ट्यूब नुसती लुकलुकायची, दुसरीची दोन्ही टोकं लालसर पेटलेली आणि मधे अंधार, खालच्या पट्टीतून भुंगा अडकल्यासारखा आवाज, आणि टी-५ वाली तर ठार. ट्यूब जरा फिरवून बसवणे, स्टार्टर पिळणे हे आपल्याकडचे घरगुती उपाय करून झाले, दोन दिवस लागली, परत तेच. आमच्या सोसायटीचा वायरमन आला, वर बघितलं, म्हणाला ताई हे काढून टाका, नवीन बॅटन (एलईडीची तयार पट्टी) लावून देतो. ह्या लोकांना रिपेअर नकोच असतं, त्यांचंही बरोबर आहे म्हणा, तासभर डोकं वर करून काम करायचं आणि त्याचे पैसे मागितले की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं.

म्हणून तपकीर गल्ली. पुण्याबाहेरच्यांसाठी, बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे इलेक्ट्रिकच्या सामानाचं माहेरघर, मुंबईकरांनी लोहार चाळ समजावी. गाडी न्यायचा विचारही करू नका, मेट्रोने मंडईला उतरा आणि चालत जा. दर्शनी भागात सगळी चकाचक दुकानं, झुंबरं वगैरे, पण आतल्या बोळात अजून दोन-चार जण चोक, बॅलास्ट (म्हणजे इलेक्ट्रॉनिक चोक), मिक्सर, पंख्याची वाइंडिंग असली कामं करत बसलेले दिसतात. मी गेले त्या दुकानाला धड बोर्डही नाही. काउंटरवर काका, मागे त्यांचा पुतण्या, आणि छताला लटकवलेल्या ट्यूबच्या पट्ट्या. चार फुटी पट्टी मेट्रोतून नेणं म्हणजे कसरत, म्हणून ट्यूब काढून नुसता पत्रा नेला आणि ट्यूब घरीच ठेवल्या तर काका म्हणाले की ट्यूब पण आणायच्या होत्या, आजार निम्मा त्यांच्यावरच कळतो. हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगतेय. फोटो काढून नेले होते त्यावर काम भागलं.

काकांचं निदान ऐकणं हा वेगळाच आनंद आहे. लाईट लावून न बघताच, नुसत्या वर्णनावरून. दोन्ही टोकं लाल आणि मधे काही नाही म्हणजे स्टार्टर आतून चिकटलाय. स्टार्टरच्या त्या छोट्या डबीत गॅसमधे दोन पत्त्या असतात, गरम झाल्या की वाकून एकमेकींना चिकटतात, तेवढ्यात ट्यूबच्या टोकाच्या फिलामेंट तापतात, मग पत्त्या गार होऊन सुटतात आणि त्या क्षणी चोक जो व्होल्टेजचा झटका देतो त्याने ट्यूब पेटते. पत्त्या सुटल्याच नाहीत तर टोकं नुसती तापत राहतात आणि ट्यूब लवकर मरते. लुकलुक आणि टोकं काळी म्हणजे ट्यूबचंच आयुष्य संपलंय, फिलामेंटवरचा लेप उडून काचेवर बसला की ते काळं दिसतं, तिथे स्टार्टर कितीही बदला. भुंग्याचा आवाज म्हणजे चोकच्या पत्र्यांचा गठ्ठा सैल झालाय, चालतो पण तापतो. आणि संध्याकाळी ट्यूब पेटायला वेळ लावते ना, असं विचारलं, म्हटलं हो, म्हणे मग तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तांब्याचा चोक असला की कमी व्होल्टेजला ट्यूब पकडत नाही. सगळं बरोबर.

मला आवडलं ते पुढचं. चोक आणि स्टार्टर बदलून घे असं सांगून माणूस सहज मोकळा झाला असता, दीड-दोनशेचा चोक, वीसेक रुपयांचा स्टार्टर, मजुरी, मी आनंदाने दिले असते. त्याऐवजी काका म्हणाले, "ताई, चोक देतो मी, पण उद्या ट्यूब कुठून आणाल?" आणि खरंच आहे. गल्लीत विचारत फिरले तर ३६ वॅटची ट्यूब मिळते अजून, पण जो तो जुना स्टॉक काढून देतो. त्यातही डब्यावर ७६५ किंवा ५४ लिहिलेली साधी पावडरवाली, ८६५ वाली ट्रायफॉस्फर (जास्त उजेड देणाऱ्या सुधारित पावडरची) मागितली तर दोन दुकानांत माझ्याकडे अशी नजर टाकली की काय मागतेय ही बाई. फरक मोठा आहे हो, त्याच ३६ वॅटमधे साधी ट्यूब अडीच हजार ल्युमेनच्या (हे एकूण उजेडाचं माप) आसपास देते आणि ट्रायफॉस्फर सव्वातीन हजारांच्या वर. पूर्वी मत्स्यालयवाल्यांकडे ओसरामची फ्लुओरा किंवा सिल्व्हेनियाची ग्रो-लक्स अशा खास झाडांच्या गुलाबी ट्यूब मिळायच्या, त्या तर आता विसराच.

आणि हे नुसतं दुकानदारांचं रडगाणं नाहीये. ट्यूबमधे पारा असतो, थोडाच, काही मिलिग्रॅम, पण असतो. पाऱ्याची वाफ अतिनील किरण सोडते आणि काचेच्या आतली पावडर त्याचा पांढरा उजेड करते, पाऱ्याशिवाय ट्यूब चालतच नाही. पाऱ्यावर जो आंतरराष्ट्रीय मिनामाता करार आहे, ज्यात भारत २०१८ पासून आहे, त्याच्या २०२३ च्या जिनिव्हाच्या बैठकीत ठरलं की हॅलोफॉस्फेट, म्हणजे साध्या पावडरवाल्या, ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२६ पर्यंत आणि ट्रायफॉस्फरवाल्यांचं २०२७ पर्यंत बंद करायचं. युरोपात तर टी-५ आणि टी-८ (म्हणजे आपली नेहमीची ३६ वॅटवाली) ऑगस्ट २०२३ पासूनच बाजारात आणायला बंदी आहे. म्हणजे आज चोक बदलून घेतला तर तो चोक पुढची पंधरा वर्षं ठणठणीत राहील आणि त्याला लावायला ट्यूब नसेल.

तर मग एलईडी ट्यूब. इथे जरा सावकाश वाचा कारण दुकानात हे कोणी समजावून सांगत नाही, नुसतं "लावून टाका" म्हणतात. एलईडी ट्यूब दिसायला तशीच, त्याच होल्डरमधे बसते, पण आतून तीन जातीच्या येतात. एक जात जुन्या चोकसकट चालते, आपल्याकडे कमी दिसते आणि चोक गेला की परत अंधार. दुसरीत ड्रायव्हर (मेन्सचा करंट एलईडीला लागेल तसा करून देणारं सर्किट) ट्यूबच्या आतच असतो आणि तिला सरळ मेन्सचा करंट द्यायचा, चोक-स्टार्टर बाद. आपल्याकडे गल्लीबोळात मिळते ती हीच. तिसरीत ड्रायव्हर बाहेर वेगळा, ती ऑफिसांच्या सिलिंगमधे वगैरे. दुसऱ्या जातीतही परत दोन प्रकार, एकात फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाला, दुसऱ्यात फेज एका टोकाला आणि न्यूट्रल दुसऱ्या. मी म्हणेन एकाच टोकावालीच घ्या. कारण दोन टोकांवाली बसवताना एक टोक होल्डरमधे गेलं आणि बटण चालू राहिलं असेल तर हातातल्या दुसऱ्या टोकाच्या पिनेवर करंट येऊ शकतो, आणि झाडांचं काम म्हणजे हात ओले, फरशी ओली, स्प्रेची बाटली शेजारी. काकांनी ट्यूबच्या कुठल्या टोकाला करंट द्यायचा ते मार्करने पट्टीवरच लिहून दिलं, बाण काढून. उद्या मी नसताना नवऱ्याने ट्यूब बदलली तरी उलटी बसणार नाही, ही छोटी गोष्ट पण ह्यासाठी मी त्या दुकानात परत जाईन.

अजून एक, जुन्या पट्टीचे होल्डर बघून घ्या. ट्यूबच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी ते पिवळे पडून ठिसूळ होतात, हाताने दाबला की कडकन मोडतो. माझ्या चारही बाजूंचे बदलले, किरकोळ किंमत. काही इलेक्ट्रॉनिक चोकच्या पट्ट्यांत होल्डरच्या दोन पिना आतून एकत्र जोडलेल्या असतात, त्यात एका टोकावाली ट्यूब लावली की थेट शॉर्ट. काकांच्या पुतण्याने प्रत्येक होल्डर मीटर लावून बघितला, मी समोर उभी होते.

आता कापलेला मार्क. पट्टीचा पत्रा लोखंडी, त्याला अर्थिंग हवं की नको? काकांनी दोनच वायर काढून दिल्या. मी विचारलं तर म्हणे ताई एलईडीला लागत नाही, सगळे असंच लावतात. सगळे असंच लावतात हे मला मान्य आहे, पण सगळ्यांच्या पट्टीखाली रोज पाणी फवारत नाहीत. स्वस्त एलईडी ट्यूबचा ड्रायव्हर बहुतेक नॉन-आयसोलेटेड असतो, म्हणजे आतल्या एलईडीच्या पट्टीचा मेन्सशी सरळ संबंध असतो, आणि मागे ॲल्युमिनियमची पाठ असलेली ट्यूब असली तर इन्सुलेशनच्या एका पातळ थरावर सगळी मदार. मी हट्टाने तिसरी वायर ओढून घेतली, पत्र्याला स्क्रूने कसून, तीन पिनचा टॉप लावून. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत पण तोंड जरा वाकडं केलं. घरी त्या लाईनवर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन बंद करणारा स्विच) आहे हेही बघून घेतलं. तुम्ही काच किंवा प्लॅस्टिकच्या पाठीची ट्यूब घेतलीत तर अजून चांगलं, आणि डब्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर ने सुरू होणारा नंबर नसेल तर कितीही स्वस्त असली तरी परत ठेवा.

आणि वेळ. "परवा या" चं पुढच्या आठवड्यात झालं. पण पेठेत परवा ह्या शब्दाचा कॅलेंडरशी संबंध नसतो, त्यासाठी मी मार्क कापत नाही.

उजेडाचं काय झालं ते आता. मोबाईलमधलं लक्समीटर ॲप (एखाद्या जागी किती उजेड पडतो ते लक्समधे दाखवणारं) काही लॅबचं यंत्र नाही, पण आधी आणि नंतर त्याच फोनने त्याच जागी मोजलं तर तुलना होते. ट्यूबपासून एक वीत खाली, कप्प्याच्या मधोमध, जुन्या ट्यूबचं रीडिंग तीन हजार लक्सच्या आसपास होतं, अर्थात ट्यूब थकलेल्या आणि पत्र्यावर धूळ. २० वॅटच्या दोन एलईडी लावल्यावर साडेसहा हजार. आता डब्यावरचे आकडे बघितले तर २० वॅटची एलईडी दोन-सव्वादोन हजार ल्युमेन देते, म्हणजे जुन्या पद्धतीच्या कोऱ्या ट्यूबपेक्षा कमीच! मग फरक कुठून? तर जुनी ट्यूब गोल सगळीकडे उजेड फेकते, निम्मा वर पत्र्यात जातो आणि तिथून धुळीत अडकत परत येतो, एलईडी फक्त खाली फेकते. झाडाला खाली आलेला तेवढाच कामाचा. त्यामुळे नुसते ल्युमेन बघून वाटतं की आपण खाली उतरलो, कुंडीपाशी मोजलं तर उलट असतं.

झाडांच्या भाषेत बोलायचं तर लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप, झाड फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण, मोजतं. पांढऱ्या उजेडाला लक्स भागिले सत्तर केलं की साधारण फोटॉनचे मायक्रोमोल (मोलचा दहा लाखावा भाग) मिळतात, दर चौरस मीटरला दर सेकंदाला. साडेसहा हजार म्हणजे नव्वदच्या थोडं वर. चौदा तास लावलं तर दिवसाला साडेचार-पावणेपाच मोल. व्हायोलेटला चार ते सहाच्या मधे मिळालं की ती खूश असतात, म्हणजे आपण बरोबर मधे आहोत. आधी जुन्या ट्यूबखाली दोन मोलच्या आसपास मिळत होतं, त्यात जगत होती बिचारी. पण हाच हिशोब तुळस, मिरची, टोमॅटो ह्यांना लावायचा नाही, त्यांना दिवसाला पंधरा-वीस मोल लागतात, दोन ट्यूबखाली तुळस लावलीत तर ती काडीसारखी वाढून माना टाकणार आणि तुम्ही मला शिव्या देणार. लेट्युसला बारा-पंधरा. मेथीचे मायक्रोग्रीन्स मात्र मस्त येतात, ते कापायचेच असतात पाच-सहा इंचाच्या आत.

ट्यूबचं एक बरं असतं, लांबट असल्यामुळे अंतर वाढवलं तरी उजेड बल्बसारखा झपकन कमी होत नाही, अंतर दुप्पट केलं तर साधारण निम्मा होतो, बल्बचा चौथाई होतो. म्हणून कप्प्याच्या दोन्ही टोकांना आणि मधे फार फरक राहत नाही. अगदी टोकाच्या अर्ध्या फुटात कमी पडतो, तिथे फिटोनिया आणि पेपेरोमिया ठेवलेत, त्यांची तक्रार नाही.

रंगाबद्दल काका आणि माझं जमलं नाही. त्यांच्याकडे सगळा माल ६५०० केल्विनचा, कूल डेलाईट, आपल्याकडे पांढराशुभ्र निळसर उजेडच खपतो. मला एका कप्प्यात एक ६५०० आणि एक ४००० असं मिश्रण हवं होतं, ४००० मधे लाल जास्त असतो आणि निळ्याने झाड आटोपशीर राहतं, शिवाय फुलांचे रंग डोळ्याला खरे दिसतात. पुतण्याने शेजारच्या दुकानातून आणून दिल्या, काकांचं म्हणणं, "झाडाला काय कळतंय ताई." एका अर्थी बरोबर आहे त्यांचं, नुसत्या ६५०० खाली पण फुलं येतातच, जुन्या सगळ्या ट्यूब तशाच होत्या की.

आता जांभळा लाईट, कारण ह्यावर मला प्रत्येक जण विचारतो. नणंदेने ऑनलाइन घेतला होता, कंपनीचं नाव सोडून देऊ, अशी नावं दर महिन्याला बदलतात. डब्यावर शंभर वॅट, प्लगमधे लावायच्या मीटरने बघितलं तर त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत. असे लाईट विकणाऱ्यांचा युक्तिवाद असा की झाडाला लाल आणि निळाच लागतो, हिरवा ते परत फेकतं. शाळेत आपण हेच शिकलो. पण ते क्लोरोफिल पानातून काढून बाटलीत मोजलं तर, अख्ख्या पानाचं गणित वेगळं, मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञाने १९७२ मधे पिकांच्या पानांवर मोजून दाखवलंय की हिरव्या उजेडातही प्रकाशसंश्लेषण चांगलं होतं, लालपेक्षा कमी पण निळ्याच्या तोडीचं. आणि हिरवा पानाच्या खोल थरात पोचतो. त्यामुळे पांढऱ्या एलईडीत काहीच वाया जात नाही म्हटलं तरी चालेल. जांभळ्यात लावलेलं झाड मरत नाही, पण त्या उजेडात पानं काळपट दिसतात, मावा लागलाय का, पान पिवळं पडतंय का काही कळत नाही, मला तर तेच सगळ्यात मोठं नुकसान वाटतं. ज्यांना खरंच घरात मिरच्या आणि लेट्युस काढायचंय त्यांनी चांगल्या चिपचा पांढरा क्वांटम बोर्ड (बऱ्याच एलईडी बसवलेली सपाट पाटी) घ्यावा, एका वॅटमागे साध्या एलईडी ट्यूबच्या दीड-पावणेदोन पट फोटॉन देतो. पण तो महाग, आणि माझ्या रॅकला तो म्हणजे अतीच.

टी-५ चं राहिलं. हिच्यात तांब्याचा चोक नसतोच, इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट लागतो. काकांनी उघडून दाखवला, दोन ट्रान्झिस्टर उडालेले, १३००५ नंबरचे, आणि मोठा कपॅसिटर फुगून वर आलेला. मत्स्यालयावर वाफेत राहून बोर्डावर हिरवट गंज. पार्टचे शंभराच्या आत, मजुरी धरून तीनशे, आणि दोन दिवसांत चालू करून दिला हो, मला आश्चर्य वाटलं. पण २४ वॅटच्या टी-५ ट्यूब घ्यायला गेले तेव्हा डोळे पांढरे झाले. मत्स्यालयवाल्यांकडेच मिळतात, एकेक ट्यूब चार फुटी एलईडीच्या तिप्पट, चार घ्यायच्या, आणि परत पुढच्या वेळी मिळतील ह्याची खात्री नाही. पिनांचं अंतर पण वेगळं, टी-८ चं तेरा मिलिमीटर आणि टी-५ चं पाच, त्यामुळे साधी एलईडी ट्यूब त्यात बसत नाही. शेवटी रिपेअर केलेला बॅलास्ट काकांनाच परत दिला, त्यांनी कोणाला तरी विकला असेल, आणि त्या ॲल्युमिनियमच्या बॉडीत दोन फुटी एलईडी बॅटन दोन बसवून घेतले. तीनशे रुपये मी रिपेअरच्या नावाने खर्च केलेच. काकांनी आधी ट्यूबचा विषय काढायला हवा होता, टी-८ च्या वेळी काढला होता तसा, पण बॅलास्ट रिपेअर करायला मिळाला की त्यांच्या डोळ्यात जी चमक येते ती बघून मी काही बोलले नाही. त्या बॅटनखाली फर्न आता आधीपेक्षा थोडं कमी उजेडात आहे आणि त्याला काहीही फरक पडलेला नाही.

वीजबिलाचं गणित ज्यांना हवंय त्यांच्यासाठी. जुन्या चार ट्यूब ३६ च्या आणि प्रत्येक चोक साधारण दहा वॅट स्वतःच खाऊन उष्णता करतो, म्हणजे १८४ वॅट, चौदा तासाला अडीच युनिटच्या वर, महिन्याला सत्याहत्तर युनिट. आता ८० वॅट, महिन्याला चौतीसच्या आत. त्रेचाळीस युनिट वाचली, महावितरणच्या ज्या स्लॅबमधे तुम्ही आहात त्याने गुणा. आमचं बिल शंभर युनिटच्या काठावर असायचं, तिथून पुढचा दर एकदम वाढतो, त्यामुळे आम्हाला फरक जरा जास्तच जाणवला. एकूण खर्च दोन पट्ट्यांचा, ट्यूब, होल्डर, वायर, मजुरी सगळं धरून दीड हजारांच्या आत आला.

निघालेल्या जुन्या ट्यूब घंटागाडीत टाकू नका प्लीज. त्या ई-कचऱ्यात जातात, २०२२ च्या ई-कचरा नियमांतही आहेत. माझ्या ट्यूब मी जुन्याच पुठ्ठ्याच्या डब्यांत घालून ठेवल्या आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांना दिल्या. दुकानात परत घेतात का विचारलं तर काका म्हणाले ठेवून जा, पण ठेवायची जागा दाखवली तिथे आधीच दहा-बारा ट्यूब भिंतीला उभ्या, मांजर त्यांच्यामधून फिरतंय, म्हणून नाही ठेवल्या. घरात फुटलीच तर खिडक्या उघडून जरा वेळ बाहेर जा, झाडूने झाडू नका, व्हॅक्यूम तर नकोच, जाड कागदाने तुकडे उचला आणि बारीक पावडर ओल्या कागदाने टिपून सगळं बंद बरणीत भरा.

झाडांचं म्हणाल तर साधारण दीड-दोन महिन्यांनी नवीन पानं देठाला आखूड येऊ लागली, कप्पा सपाट दिसायला लागला, आणि ऐन श्रावणात, घरात दिवसभर लाईट लावून बसावं लागतंय अशा हवेत, वरच्या कप्प्यातल्या बहुतेक कुंड्यांना कळ्या होत्या. दोन कुंड्यांची मधली पानं उलट जास्तच घट्ट आणि फिकट झाली, म्हणजे उजेड त्यांना जास्त होतोय, त्या खालच्या कप्प्यात ट्यूबपासून लांब सरकवल्या. पहिल्या आठवड्यातच चौदा तास लावू नका, जुन्या मंद उजेडाला सरावलेली पानं एकदम दुपटीने भाजल्यासारखी होतात, दहा तासापासून हळूहळू वाढवा.

जाणार असाल तर ट्यूब घेऊन जा, नसेल जमत तर टोकांचे जवळून फोटो न्या. रविवारी जाऊ नका. आणि एलईडी ट्यूबला दोन वर्षांची वॉरंटी असते ती तारीख घातलेल्या बिलावरच मिळते. काका बिल म्हणून ट्यूबच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर पेनाने आकडा लिहून देतात, तो मी परत दिला आणि छापील बिलबुक काढायला लावलं. होतं त्यांच्याकडे, ड्रॉवरच्या तळाशी.